स्पायडर-मॅन ३ : धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं

शेवटची_रांग

सॅम रायमीच्या तिन्ही स्पायडर-मॅनचं पारायण नुकतंच पुन्हा झालं. पहिल्याबद्दल (२००२) नव्याने लिहावं असं काही उरलेलं नाही. दुसरा (२००४) माझ्या लेखी या जातकुळीतला सगळ्यात उत्तम सिनेमा आहे आणि त्यावर मी वाद घालत नाही. तिसरा, २००७चा, मात्र दरवेळी तसाच छळतो. बंद करवत नाही आणि शांतपणे बघवतही नाही.

पुढे सगळं फोडून लिहिलंय. कुणी अजून पाहिला नसेलच तर इथूनच परत फिरा.

खलनायक जास्त झाले, ही तक्रार सगळे करतात. सॅन्डमॅन, नवा गॉब्लिन झालेला पीटरचा मित्र हॅरी, व्हेनॉम, आणि पीटरच्या अंगाला चिकटणारा तो काळा सूट वेगळा धरला तर साडेतीन. खरं आहे, गर्दी झालीच आहे. पण माझं रडगाणं ते नाही. गर्दी निभावून नेता येते. माझी तक्रार अशी की या सिनेमाने पीटरचा, म्हणजे स्पायडर-मॅनचा, अपराध त्याच्या डोक्यावरून उतरवला, आणि एकदा नाही, दोनदा उतरवला.

त्याआधी जे आवडतं ते लिहितो, नाहीतर नुसता चिडून धागा काढलाय असं वाटेल.

सॅन्डमॅनचा जन्म. तुरुंगातून पळालेला फ्लिंट मार्को पोलिसांना चुकवताना एका प्रयोगाच्या खड्ड्यात पडतो, यंत्र सुरू होतं आणि त्याच्या देहाचा कण न् कण सुटा होतो. मग सकाळ. वाळूचा ढीग. कॅमेरा इतका जवळ की एकेक कण घरंगळताना दिसतो. ढीग हलतो, त्यातून खांद्यासारखं काहीतरी वर येतं आणि ढासळतं. पुन्हा वर येतं. चेहरा धड झालेला नाही, तोंड उघडतं पण आवाज निघत नाही. समोर लॉकेट पडलंय, आत मुलीचा फोटो. तो हात पुढे करतो आणि लॉकेटला लागल्या लागल्या बोटांचा भुगा होतो. मग तो स्वतःला पुन्हा गोळा करतो, पंजा घट्ट होतो आणि या वेळी लॉकेट हातात राहतं. एकही संवाद नाही. हा माणूस कोण आहे, त्याला काय हवंय आणि ते त्याच्या हातून कसं निसटणार आहे, हे तेवढ्यात कळतं. संगणकावर रचलेल्या प्रसंगाने पोटात कालवावं, असं माझ्या बाबतीत फार वेळा होत नाही.

हॅरी आणि पीटरची गल्लीतली पहिली मारामारीही झकास. पीटरच्या अंगावर पोशाख नाही, खिशात अंगठी आहे, आणि मार खाता खाता त्याची अर्धी धडपड ती अंगठी सांभाळण्याची. आणि पीटर ज्याला फोटो विकतो तो संपादक जेम्सन! रक्तदाबासाठी टेबलावर बसवलेला तो थरथरणारा गजर आणि पलीकडून गोळीची आठवण करणारी मिस ब्रँट. जे. के. सिमन्सला कितीही कमी वेळ द्या, तो वसूल करतो.

आता मूळ दुखणं.

पहिल्या भागात अंकल बेन का मरतात? कुस्तीच्या पैशांवरून आयोजकाने फसवलं म्हणून पीटर खुन्नसने एका चोराला वाट करून देतो, आणि तोच चोर पुढे काकांच्या वाटेत येतो. पीटरची सगळी धावपळ तिथून निघते. कुठला कोळी चावला म्हणून तो लोकांना वाचवत फिरत नाही, त्या एका क्षणी बाजूला सरकला म्हणून फिरतो. तिसऱ्या भागात पोलीस अधिकारी कॅप्टन स्टेसी येऊन सांगतात की गोळी त्या चोराने झाडलीच नव्हती, त्याचा साथीदार मार्कोने झाडली. आणि शेवटी मार्को सांगतो की त्यालाही झाडायची नव्हती, धक्का लागून सुटली. म्हणजे पीटरने सोडलेला चोर खुनी नाही, आणि जो खुनी आहे त्याने मुद्दाम काही केलेलं नाही. मग उरलं काय?

हा झाला पहिला उतारा. दुसरा काळ्या सूटचा.

गंमत बघा. स्पायडर-मॅनला शहराची किल्ली द्यायचा समारंभ आहे. खाली गर्दी जल्लोष करतेय, कॅप्टनची मुलगी ग्वेन स्टेसी मंचावर आहे, आणि हा उलटा लटकून तिला म्हणतो की दे एक मुका, लोकांना आवडेल. तसाच उलटा मुका, जो पहिल्या भागात पावसात त्याच्या एमजेने, म्हणजे त्याच्या प्रेयसीने, दिला होता. आणि एमजे खाली गर्दीत उभी राहून बघतेय. हे सगळं काळा सूट अंगाला चिकटण्याच्या आधीचं आहे! तो चिकटा तोवर त्याच्या खोलीत दबा धरून बसलाय, पण पीटरच्या अंगावर लाल-निळाच पोशाख आहे. डोक्यात गेलेली हवा शंभर टक्के त्याची स्वतःची.

म्हणजे लिहिणाऱ्यांना नेमकं ठाऊक होतं की या पोराचं काय बिघडलंय. सगळं शहर डोक्यावर घेऊन नाचतंय, आणि ज्याला आयुष्यभर कुणी विचारलं नाही त्याला ते चढलंय. किती मस्त विषय! त्यावरच सिनेमा उभा करायचा ना. त्याऐवजी आकाशातून काळं काहीतरी पडतं, आणि तिथून पुढे पीटर जे जे वाईट वागतो त्याचं बिल त्या चिकट्याच्या नावावर फाडता येतं. मार्कोला भुयारात पाण्याखाली विरघळवलं? सूट. मित्राच्या तोंडावर बाँब फेकला? सूट. सूट काढला की पोरगं पुन्हा गुणी.

हॅरीच्या घरचा बटलर हा वेगळाच विनोद. पीटरनेच वडिलांना मारलं असं हॅरी धरून बसलाय, आणि वडिलांच्या जखमा मीच साफ केल्या होत्या, त्या त्यांच्याच ग्लायडरच्या पात्याने झाल्या होत्या, असं तो तिसऱ्या भागाच्या अखेरीस सांगतो. अरे बाबा, तुझ्या डोळ्यांदेखत पोराने सूडापायी स्वतःचं वाटोळं करून घेतलं, तेव्हा तुझी वाचा बसली होती का?

आणि एवढं सगळं असूनही, शेवटी पहाटे अर्धवट बांधलेल्या इमारतीत पीटर मार्कोला माफ करतो आणि मार्को वाऱ्यावर विरून जातो, तिथे मी दरवेळी गप्प होतो. म्हणूनच राग येतो. वाईटच असता तर विसरलो असतो.

(नाचाबद्दल लिहिणार नाही. त्याची चेष्टा करून जग दमलंय.)

---

उपद्व्यापी

नाचाबद्दल तुम्ही लिहिणार नाही तर मी लिहितो.

रस्त्यावरून तो केस कपाळावर आणून, बोटांच्या पिस्तुली रोखत, कंबर हलवत चालतो ना, तेव्हा समोरून येणाऱ्या बायकांचे चेहरे बघा. एकीलाही तो आवडलेला नाही. सिनेमा त्याला भारी म्हणतच नाहीये, सिनेमा त्याला हसतोय. जन्मभर प्रयोगवहीत डोकं घालून बसलेल्या मुलाला टगेगिरी करायची लहर आली तर तो काय करेल? अगदी हेच. त्याला वाईट वागताही येत नाही. मला तो तुकडा तिन्ही भागांतला सगळ्यात खरा पीटर वाटतो.

प्रेक्षक 'काळा स्पायडर-मॅन' म्हणून काहीतरी भयंकर बघायला गेले आणि त्यांना हा बावळट मिळाला, म्हणून बोंब.

---

बाळबोध

उपद्व्यापी, रस्त्यावरचा नाच मान्य. पण त्यानंतरचा जॅझ क्लबमधला? तो फार लांबलाय. टेबलं काय, खुर्ची काय, पियानो काय.

बाकी मी इथे व्हेनॉमच्या वतीने आलोय. १९८८ साली अमेझिंग स्पायडर-मॅनच्या ३००व्या अंकात हा गडी पूर्ण रूपात आला, तेव्हापासून पोरांच्या वह्यांवर त्याचं चित्र. धिप्पाड, जीभ लोंबतेय, 'मी' न म्हणता 'आम्ही' म्हणणारा. कारण आत दोघं आहेत, एक ब्रॉक आणि एक तो परजीवी, आणि दोघांनाही पीटरने नाकारलंय. सिनेमात काय मिळालं? सिनेमा संपत आल्यावर एंट्री, आणि दर दोन मिनिटांनी चेहरा बाजूला सारून ब्रॉक झालेल्या टोफर ग्रेसचं तोंड बाहेर. नट ओळखू यावा म्हणून केलं असेल, पण भीती गेली ना सगळी!

चर्चचा प्रसंग तेवढा जमलाय. खाली एडी ब्रॉक देवापुढे बसून पीटर पार्करला मार म्हणून विनवतोय आणि वर पीटर घंटेच्या दणक्यात सूट अंगावरून ओरबाडतोय. तिथे वाटलं, आता खरा पिक्चर सुरू होणार. सुरू होणार होता पण घड्याळ संपलं.

---

तळटीप

पडद्यामागचं थोडं, कारण शेवटची_रांग (आपले शेरां) यांच्या दोन्ही मुद्द्यांचं मूळ तिथे सापडतं.

रायमीला व्हेनॉम नको होता. तो जुन्या, १९६०च्या दशकातल्या अंकांवर वाढलेला माणूस. सॅन्डमॅन हा १९६३चा, चौथ्या अंकातला खलनायक, आणि सुरुवातीच्या आराखड्यात त्याच्या जोडीला व्हल्चर होता. निर्माते अवी अराद यांनी चाहत्यांचा हवाला देऊन व्हेनॉमसाठी गळ घातली, व्हल्चर गेला आणि एडी ब्रॉक आला. पटकथाकार अॅल्विन सार्जंट यांच्या मनात गोष्टीचे दोन सिनेमे करायचं होतं, पण पहिला अर्धा भाग नेमका कुठे संपवायचा ते सापडेना. मग सगळं एकाच १३९ मिनिटांत कोंबलं.

रायमीने २०१४ साली एका मुलाखतीत स्वतःच सांगितलं की सिनेमा नीट जमला नाही, सगळ्या पात्रांवर आपला विश्वास नव्हता आणि ते प्रेक्षकांपासून लपलं नाही. दिग्दर्शक असं सहसा बोलत नाहीत. धंद्याच्या बाजूने मात्र तक्रारीला जागा नव्हती. खर्च सुमारे २५.८ कोटी डॉलर, जगभरातली कमाई ८९ कोटींच्या वर. रायमीच्या तिघांत सर्वाधिक गल्ला याचाच. तरी चौथा भाग झाला नाही. २०१० साली तो रद्द झाला आणि २०१२ला सगळं नव्याने सुरू केलं.

वाळूच्या प्रसंगाचं श्रेय संगीतालाही द्या. दुसऱ्या भागानंतर डॅनी एल्फमन बाहेर पडले आणि तिसऱ्याला क्रिस्टोफर यंग आले. तो जन्माचा तुकडा त्यांचा. खालून जड वाद्यं, आणि लॉकेट दिसलं की त्यातून हळूच वर येणारी करुण धून. जिथे कलाकारांच्या अंगावर 'वाळू' ओतायची होती तिथे खरी वाळू नव्हती, मक्याच्या कणसाच्या बुरकुंडाचा भुसा होता, इजा होऊ नये म्हणून.

आणि बटलरने ज्यांचा रक्तदाब वाढतो त्यांच्यासाठी: २०१७ साली 'एडिटर्स कट' आला. काही प्रसंगांचा क्रम बदललाय, यंग यांचं संगीत जास्त ठिकाणी परत आलंय, आणि बटलरचा तो खुलासा उडवलाय. हॅरीचं मन आपलं आपण बदलतं. एवढ्याने सिनेमा दुरुस्त होत नाही, पण हॅरी दुरुस्त होतो.

---

मध्यंतर

शेरां, लेख आवडला, पण तुमचा पहिला मुद्दा मला पटत नाही.

मार्को शेवटी काय सांगतो ते पुन्हा ऐका. तो गाडीपाशी पिस्तूल घेऊन उभा आहे. बेन त्याच्याशी शांतपणे बोलतायत, पिस्तूल खाली ठेव आणि घरी जा म्हणतायत. मार्को डळमळलाय. तेवढ्यात साथीदार पैसे घेऊन धावत येतो आणि त्या गडबडीत गोळी सुटते. हा धावत येणारा साथीदार कोण? तोच, ज्याला पीटरने लिफ्टपाशी वाट करून दिली! पीटरने त्याला तिथे अडवलं असतं तर तो गाडीपर्यंत पोचलाच नसता, मार्कोला धक्का लागला नसता आणि बेन घरी गेले असते. बहुधा मार्कोसुद्धा.

म्हणजे अपराध उतरला नाहीये, उलट जास्त गुंतलाय. आधी पीटरचा अपराध एका मृत्यूचा होता. आता मार्कोचं आयुष्यही त्याच्या खात्यावर आहे.

---

शेवटची_रांग

मध्यंतर, युक्तिवाद बिनतोड आहे. पण तो तुम्ही केलात, सिनेमाने नाही केला. ज्या माणसाला रात्रंदिवस त्या एका क्षणाने पोखरलंय, त्याला हे ऐकताना पहिली गोष्ट हीच सुचायला हवी की धावत येणारा तो, माझ्या बाजूने गेलेला तो. मार्को बोलत असताना पीटरच्या चेहऱ्यावर दुःख दिसतं, कणव दिसते. हे उमगलेलं दिसत नाही. मीही भयंकर गोष्टी केल्यात, असं तो म्हणतो खरा, पण ते आत्ताच केलेल्या गोष्टींबद्दल वाटतं. मार्कोला पाण्यात वाहवलं, हॅरीचं तोंड भाजलं. लिफ्टचं दार त्याच्या डोळ्यांपुढे आल्याची एकही खूण नाही. एक झलक दाखवली असती, एवढी एकच, तर मी हा धागा काढला नसता.

तळटीप, व्हल्चरऐवजी व्हेनॉम आला हे कळल्यावर सूटचं कोडं थोडं सुटतं. व्हेनॉम हवा तर सूट हवा, आणि सूट आला की वाईटपणा बाहेरून आणावाच लागतो. कॉमिकमध्ये (१९८४) काळा पोशाख आला तेव्हा त्याने पीटर लगेच दुष्ट झाला नव्हता. रात्री तो झोपेत असताना सूटच त्याला बाहेर फिरवून आणायचा आणि सकाळी हा दमलेला उठायचा. त्यात भय आहे. 'सूट घातला की स्वभाव बिघडतो' हे पुढच्या रूपांतरांनी वाढवलेलं प्रकरण.

बाळबोध, व्हेनॉमवर अन्याय झाला हे मान्य. पण टोफर ग्रेसची निवड मला वेगळ्या कारणासाठी पटते. तोही छायाचित्रकार, तोही किडकिडीत, तोही ग्वेनच्या मागे. लाज नसलेला पीटर. असा माणूस समोर ठेवल्यावर सूटची गरजच नव्हती, असं माझं पुन्हा तेच पालुपद.

---

अनवाणी

इतका वेळ वाचतेय. बेन झाले, मार्को झाला, बटलरसुद्धा झाला. एमजेचं नाव फक्त मुका देणारी आणि बघणारी म्हणून आलंय. सिनेमाचंही तेच झालंय म्हणा.

शेरां, पीटरचं बिघडणं काळ्या सूटच्या आधीचं आहे हे तुम्ही बरोबर पकडलंत, पण ते मुक्याच्याही आधी सुरू झालंय. एमजेच्या नाटकाचं परीक्षण छापून येतं. आवाज पहिल्या रांगेपलीकडे पोचत नाही, असं काहीतरी. ती पीटरच्या खोलीत येते, तो कागद वाचून दाखवते. तिला तेव्हा फक्त कुणीतरी ऐकून घ्यायला हवंय. हा काय म्हणतो? सवय करून घे, स्पायडर-मॅनवरही लोक टीका करतात. ती सांगते की हे तुझ्याबद्दल नाहीये, माझ्याबद्दल आहे. आणि तेवढ्यात पोलिसांचा रेडिओ वाजतो आणि हा निघतो. किती छोटा प्रसंग आहे आणि किती अचूक लिहिलाय! तो खोटं बोलत नाहीये, तिचं वाईटही चिंतत नाहीये. त्याला खरंच वाटतंय की तो धीर देतोय.

पुढे तिचं काम जातं. ते त्याला सांगायला म्हणून ती निघते आणि पोचते त्या समारंभाला. त्या संध्याकाळी हॉटेलात तो अंगठी शॅम्पेनच्या पेल्यात लपवायची तयारी करतोय, मुख्य वेटरच्या भूमिकेत ब्रूस कॅम्पबेल फ्रेंच उच्चारांत धमाल करतोय, आपण हसतोय, आणि ती मात्र समोर बसून विचारते की तिचा मुका तसाच का घेतलास. कामाचं ती सांगतच नाही. याला विचारायचंही सुचत नाही. हसवता हसवता इतकं बोचणारा प्रसंग दुसऱ्या कुठल्या सुपरहिरोपटात आहे?

माझ्यासाठी तिसरा भाग म्हणजे हा सिनेमा. पण मग हॅरी तिला धमकावतो, व्हेनॉम तिला टॅक्सीत कोंडून जाळ्यात टांगतो आणि ती शेवटापर्यंत किंचाळते. तिन्ही भागांत एकदा तरी तिला टांगल्याशिवाय यांचं भागतच नाही.

---

उपद्व्यापी

अनवाणी, टॅक्सीवाल्या भागात ती वरून वीट की दगड व्हेनॉमच्या डोक्यात घालते हो. एवढं तरी द्या तिला.

---

अनवाणी

दिलं. एक वीट जमा.

---

मध्यंतर

अनवाणी म्हणतात ते वाचल्यावर शेवट वेगळा वाटतो. पहिल्या दोन्ही भागांच्या शेवटी स्पायडर-मॅन इमारतींमधून झेपावत जातो. इथे ते नाही. एमजे क्लबमध्ये गातेय, पीटर दारातून येतो, ती गाणं थांबवते. तो नुसता हात पुढे करतो आणि दोघं सावकाश नाचतात. ज्या क्लबमध्ये त्याने तिला खिजवायला तो तमाशा केला आणि झटापटीत तिलाच मारलं, तोच क्लब. लग्नाचं विचारणं नाही, पुढचं वचन नाही. अंगठी या वेळी बाहेर येतच नाही.

---

बाळबोध

म्हणजे जॅझ क्लबचा नाच शेवटच्या नाचासाठी हवाच होता असं तुम्ही म्हणताय. तरी लांब आहे. खुर्चीवाला भाग कापा.

---

शेवटची_रांग

खुर्चीवाला भाग राहू द्या, व्हेनॉम कापा.

अनवाणी, परीक्षणाचा प्रसंग काल पुन्हा लावून पाहिला. ती कागद वाचत असते तेव्हा पीटर ऐकतोय, मान हलवतोय, आणि रेडिओवर पोलिसांचा आवाज येताच त्याची नजर तिच्यावरून हलते. वाक्य तिचंच चालू आहे आणि हा मनाने खिडकीबाहेर पोचलाय.